मुलांनी खेळायचं कुठे?
ब्रॅडफर्ड शहराच्या बागा, मैदानं आणि चौक यांची गोष्ट

शाळांना सुट्ट्या लागल्या की आपल्या घराघरांत एकच संवाद ऐकू येतो. "दिवसभर मोबाईल घेऊन बसतोस, जरा बाहेर जा," असं अम्मी म्हणते. "बाहेर म्हणजे कुठे?" असं मुलगा विचारतो. या प्रश्नावर अम्मीही गप्प होते आणि अब्बूही. गल्लीत दुचाकी लावलेल्या, चौकात हातगाड्या, मोकळ्या प्लॉटवर कचरा, आणि जवळची बाग रिक्षाने जावं लागेल इतकी लांब. मुलगा निदान जिन्याखाली क्रिकेट खेळतो. मुलीला तर तेवढंही मिळत नाही.

भिवंडी, मालेगाव, मुंब्रा किंवा कुठल्याही शहरातला जुना मोहल्ला घ्या, चित्र थोड्याफार फरकाने हेच आहे. या अंकात आम्ही वाचकांना अशाच प्रश्नाशी झगडणाऱ्या एका शहराची ओळख करून देणार आहोत. ते शहर आपल्या देशातलं नाही. इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायर भागात ते वसलं आहे. नाव ब्रॅडफर्ड. पण त्याची हकिगत वाचताना वाचकांना अनेक ठिकाणी आपल्याच गावाची आठवण येईल, अशी आमची खात्री आहे.

यंत्रमागाचं नातं

ब्रॅडफर्ड हे कापड गिरण्यांचं शहर. एकोणिसाव्या शतकात लोकरीच्या कापडासाठी त्याचं नाव जगभर झालं. शहरातल्या एका मोठ्या बागेत 'कार्टराइट हॉल' नावाची देखणी दगडी इमारत आहे. आज तिथे कलादालन आहे. ज्यांच्या नावाने ही इमारत १९०४ साली उघडली, ते एडमंड कार्टराइट म्हणजे अठराव्या शतकात यंत्रमाग शोधून काढणारे गृहस्थ. भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीत आजही ज्या यंत्राच्या खडखडाटावर हजारो चुली पेटतात, त्या यंत्राच्या मूळपुरुषाचं हे स्मारक आहे.

गिरण्यांना माणसं हवी होती. १९५० आणि १९६० च्या दशकांत मीरपूर भागातून मोठ्या संख्येने तरुण इथे आले. मंगला धरणात ज्यांची गावं बुडाली, अशी कुटुंबंही त्यांच्यात होती. गुजराती मुसलमान आले, पूर्व बंगालमधले आले. बहुतेकांच्या वाट्याला रात्रपाळी आली. पुढे बायकामुलं आली, मशिदी उभ्या राहिल्या, किराणा दुकानं आणि मिठाईची दुकानं निघाली. आणि मग १९७० नंतर एकेक गिरणी बंद पडू लागली.

२०२१ च्या जनगणनेनुसार ब्रॅडफर्ड पालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ५ लाख ४६ हजार आहे. त्यात दर १० माणसांमागे ३ मुसलमान आहेत. लोकसंख्येतला चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग २० वर्षांखालील मुलामुलींचा आहे, त्यामुळे ब्रिटनमधल्या सर्वांत तरुण शहरांत त्याची गणना होते. गिरणी कामगारांसाठी बांधलेली, एकमेकांना चिकटलेली दगडी घरं अजून तशीच आहेत. घरापुढे अंगण जवळपास नाहीच. घरात माणसं जास्त, खोल्या कमी. अशा घरातल्या मुलाला पाय मोकळे करायचे तर पालिकेची बाग हाच आधार.

गिरणीमालकाची बाग, मुघलांचं पाणी

ब्रॅडफर्डकरांनी बागेचं महत्त्व फार पूर्वी ओळखलं होतं. गिरण्यांच्या धुराने शहर काळवंडलं होतं तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, लोकवर्गणीतून जमीन घेऊन 'पील पार्क' ही पहिली सार्वजनिक बाग झाली. १८७० मध्ये सॅम्युअल लिस्टर या बड्या गिरणीमालकाने मॅनिंगहॅम भागातली आपली जमीन ४० हजार पाउंडांना, म्हणजे बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी किमतीत, पालिकेला दिली. तीच आजची 'लिस्टर पार्क'. सुमारे ५४ एकरांची ही बाग आहे. लिस्टर यांची प्रचंड गिरणी तिथून जवळच आहे. मुलांना बाग देणाऱ्या या मालकाच्या गिरणीत १८९०-९१ साली पगारकपातीविरुद्ध मोठा संप झाला होता, हेही इथे नमूद करायला हवं.

शंभर वर्षांनी चित्र पालटलं. मॅनिंगहॅम हा मुस्लिम वस्तीचा भाग झाला होता. गिरण्या बंद पडल्याने पालिकेच्या तिजोरीत खडखडाट होता. बागेतलं नौकाविहाराचं तळं आणि रस्ते यांची दुर्दशा झाली होती. १९९० च्या दशकाच्या शेवटी लॉटरीच्या उत्पन्नातून वारसास्थळांना मिळणारा निधी घेऊन पालिकेने बागेची दुरुस्ती हाती घेतली. तळं साफ झालं, वाटा नीट झाल्या. त्याच वेळी कार्टराइट हॉलशेजारी एक नवी बाग करायचं ठरलं, आणि ती मुघल शैलीत.

सरळ रेषेत वाहणारे पाण्याचे पाट, कारंजी, दोन्ही बाजूंना मापात आखलेली हिरवळ आणि झाडं. २००१ मध्ये ही 'मुघल वॉटर गार्डन' लोकांसाठी खुली झाली. आपल्या वाचकांना अशा बागेचं वर्णन नवं वाटायला नको. बीबी का मकबरा पाहिलेल्या प्रत्येकाने पाण्याच्या पाटांनी विभागलेली चारबाग पाहिलेलीच आहे. तोच आराखडा यॉर्कशायरच्या थंडीपावसात उतरला.

याला केवळ सजावट म्हणता येणार नाही. मीरपूरहून आलेल्या आजोबांच्या नातवंडांना पालिकेने त्यातून एक गोष्ट सांगितली. या शहराच्या बागेत तुमच्या इतिहासालाही जागा आहे. इंग्रज शेजाऱ्यांचं त्यात काही हिरावलं गेलं नाही. तळं, फुलांचे ताटवे, खेळाची जागा, सगळं होतं तिथेच राहिलं. २००६ साली लिस्टर पार्कला ब्रिटनमधली सर्वोत्तम बाग म्हणून गौरवण्यात आलं.

एका शहरातली दोन आयुष्यं

मात्र ज्या २००१ साली ही बाग उघडली, त्याच वर्षीच्या जुलैमध्ये मॅनिंगहॅममध्ये भीषण दंगल झाली. उजव्या वंशवादी गटांच्या हालचालींमुळे वातावरण तापलं होतं. दुकानं जळाली, शेकडो पोलीस जखमी झाले, आणि पुढे अनेक मुस्लिम तरुणांना लांब मुदतीच्या शिक्षा झाल्या. त्या शिक्षांचं दुःख कितीतरी घरांनी वर्षानुवर्षं सोसलं.

दंगलीनंतर सरकारी चौकशीचे अहवाल आले. गोरे आणि आशियाई लोक एकाच शहरात समांतर आयुष्यं जगतात, असा त्यांचा सूर होता. मोहल्ला वेगळा, शाळा वेगळी, दुकान वेगळं. एकमेकांना ओळखायची वेळच येत नाही. त्यामुळे अफवेवर विश्वास बसायला वेळ लागत नाही.

ही स्थिती आपल्याला परकी नाही. आपल्याकडेही दंगलींनंतर लोक आपापल्या वस्तीत सरकत गेले. मग दोन वस्त्यांतली माणसं भेटतील अशी जागा उरते कोणती? बाजार, एसटी स्टँड, सरकारी दवाखाना. तिथे माणूस कामापुरता थांबतो. बाग आणि चौक या अशा जागा आहेत, जिथे काम नसताना माणूस बसतो आणि शेजारच्याचं मूल पडलं तर उचलतो.

शहराच्या मध्यावर पाणी

ब्रॅडफर्डच्या मध्यवर्ती भागाची अवस्था त्या काळात वाईट होती. नवं बाजार संकुल बांधण्यासाठी जुन्या इमारती पाडल्या गेल्या. तेवढ्यात २००८ ची आर्थिक मंदी आली आणि काम थांबलं. भर शहरात मोठा खड्डा पडून राहिला. तिथलं संकुल उघडायला २०१५ चा नोव्हेंबर उजाडला.

तो खड्डा तसाच असताना पालिकेने जवळच, आपल्या मुख्यालयासमोर, वेगळंच काम केलं. २००३ मध्ये वास्तुविशारद विल ऑलसॉप यांनी शहरासाठी एक आराखडा दिला होता. शहराच्या मध्यावर पाणी असावं, ही त्यातली कल्पना. तिला लहान रूप देऊन पालिकेने सुमारे ६ एकरांचं 'सिटी पार्क' उभारलं. मार्च २०१२ मध्ये ते उघडलं. खर्च सुमारे २ कोटी ४० लाख पाउंड. गिरण्या गेलेल्या, बेकारीने गांजलेल्या शहरात एवढा पैसा पाण्यात घालायचा का, असं विचारणारे लोक होतेच.

हे पाणी म्हणजे ४ हजार चौरस मीटरचं उथळ तळं. त्यात शंभरहून अधिक कारंजी आहेत. सगळ्यांत उंच कारंजं ३० मीटरपर्यंत जातं. तळ्याची पातळी कमी-जास्त करता येते. पाणी थोडं उतरवलं की मधून चालायच्या वाटा वर येतात. पूर्ण काढलं की तो हजारो माणसं मावतील असा चौक होतो. तिथे जत्रा, बाजार, कार्यक्रम भरवता येतात. एकाच जागेचे तीन उपयोग.

उन्हाळ्यात मुलं अंगावरच्या कपड्यांनिशीच त्यात शिरतात. आम्हाला या जागेचं मर्म इथे दिसतं. तिकीट नाही, सदस्यत्व नाही, पोहण्याचा वेगळा पोशाख नाही, बायकांसाठी वेगळी वेळ ठरवावी लागत नाही. जलतरण तलावाकडे ज्या घरातल्या आया कधी फिरकणार नाहीत, त्या इथे काठावर निवांत बसून मुलांवर लक्ष ठेवतात. शेजारी पोलिश आई बसलेली असते, पलीकडे इंग्रज आजी. संशोधकांनी या जागेचा अभ्यास केला तेव्हा, वेगवेगळ्या वयाचे, वंशांचे आणि आर्थिक स्तरांचे लोक इथे एकत्र येतात, असं त्यांना आढळलं. सगळे मित्र होतात असं कोणी म्हणत नाही. पण एकमेकांची सवय होते, आणि दंगलीतून गेलेल्या शहरात एवढंही थोडं नसतं.

साडेतेरा हजार मुलांची साक्ष

बागेचा मुलांवर खरोखर परिणाम होतो का? ब्रॅडफर्डकडे याचं उत्तर आहे, कारण तिथे एक फार मोठा अभ्यास चालू आहे. 'बॉर्न इन ब्रॅडफर्ड', म्हणजे 'ब्रॅडफर्डमध्ये जन्मलेले', हे त्याचं नाव. तिथल्या मुख्य रुग्णालयात २००७ पासून सुमारे १२ हजार गरोदर महिला यात सामील झाल्या. त्यांच्या साडेतेरा हजारांहून अधिक मुलांच्या वाढीची, आजारांची, शिक्षणाची नोंद तेव्हापासून ठेवली जाते. त्यातली निम्म्याच्या जवळपास कुटुंबं पाकिस्तानी वंशाची आहेत. अंगावरच्या बाळापासून सुरू झालेली ही नोंद आता तरुण वयापर्यंत आली आहे.

या नोंदींच्या आधारे झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की हिरवळ जास्त असलेल्या भागात राहणाऱ्या गरोदर महिलांत उदासीनतेची लक्षणं तुलनेने कमी होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास चार वर्षांच्या मुलांबद्दल होता. दक्षिण आशियाई कुटुंबांत घराभोवती हिरवळ जास्त असेल तर मुलांमध्ये भावनिक आणि वागणुकीच्या अडचणी कमी दिसल्या.

त्या अभ्यासात आणखी एक निष्कर्ष निघाला, आणि तो प्रत्येक नगरसेवकाने भिंतीवर लावावा असा आहे. आशियाई मुलांच्या बाबतीत घराजवळ हिरवळ किती आहे, यापेक्षा आई त्या जागेबद्दल किती समाधानी आहे, याला जास्त महत्त्व होतं. नकाशावर बाग आहे, पण आत काचा पडल्या आहेत, झोपाळा तुटला आहे, कोपऱ्यात नशा करणारी पोरं बसली आहेत, तर आई मुलाला तिथे नेणार नाही. अशी बाग कागदावर असली तरी मुलासाठी नसल्यातच जमा.

मदरशाची वेळ आणि खेळाची वेळ

ब्रॅडफर्डमधली बरीच मुस्लिम मुलं शाळा सुटल्यावर मशिदीत किंवा मदरशात जातात. रोजचे दीडदोन तास तिथे जातात. घरी येईपर्यंत हिवाळ्यात अंधार पडलेला असतो. मग खेळायचं कधी? ज्यांना समाजाची माहिती नसते ते चटकन म्हणतील, मदरसा कमी करा. पालकांनी ते ऐकलं नसतंच.

राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या मदतीने उत्तर ब्रॅडफर्डच्या वस्त्यांत 'जंप' नावाचा उपक्रम सुरू झाला. ५ ते १४ वर्षांच्या मुलांनी जास्त हालचाल करावी, खेळावं, हा त्याचा उद्देश. या लोकांनी मदरशांना अडचण मानलं नाही, सोबत घेतलं. मुलं जिथे रोज येतात, जिथल्या उस्तादांचा शब्द पालक मानतात, त्याच ठिकाणी खेळाला आणि हालचालीला वेळ द्यायचा. निरोगी शरीर ही अमानत आहे, ही गोष्ट उस्तादांनी सांगितली तर ती पालिकेच्या पत्रकापेक्षा लवकर पोचते. त्याबरोबरच वस्तीतल्या मोकळ्या जागा सुधारताना तिथल्या मुलांना आणि पालकांना आधी विचारायचं, अशी पद्धत ठेवली गेली.

मोठ्या मुलींनी कुठे जायचं?

बागेत झोपाळे असतात लहानांसाठी आणि मैदान असतं मोठ्या मुलांसाठी. बारा-तेरा वर्षांच्या मुलीसाठी काय असतं? लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी पश्चिम यॉर्कशायरमधल्या महिला आणि मुलींशी याविषयी सविस्तर बोलून २०२२ मध्ये अहवाल दिला. त्यावरून पुढच्या वर्षी बागा सुरक्षित करण्यासाठीची मार्गदर्शिका निघाली.

त्यातल्या सूचना साध्या आहेत. बागेत माणसांची, त्यातही इतर बायकांची, वर्दळ असली की बाईला सुरक्षित वाटतं. म्हणून चहाची टपरी, कार्यक्रम, बसायच्या जागा हव्यात. दाट झुडपांमुळे पुढचं दिसत नसेल तर ती छाटावीत. आत जायला आणि बाहेर पडायला एकाहून अधिक वाटा असाव्यात, म्हणजे कोंडल्यासारखं होत नाही. दिवे नुसते असून उपयोग नाही, घरी जाण्याच्या वाटेवर ते हवेत. आणि बागेत पालिकेचा माणूस दिसायला हवा. तुटलेलं बाकडं महिनोन् महिने तसंच राहिलं तर त्यातून एकच अर्थ निघतो, इथे कोणी बघत नाही.

आपल्याकडे मुलीला घराबाहेर पाठवायला घरचे तयार नसतात, असं सांगून विषय संपवला जातो. वर दिलेली यादी पाहून वाचकांनी स्वतःच ठरवावं, की दोष सगळा घरच्यांचा आहे की जागेचाही आहे.

पैशाची ओढाताण

आतापर्यंतचं वाचून ब्रॅडफर्डमध्ये सगळं सुरळीत चाललं आहे असा समज होऊ नये. २०२४ च्या सुरुवातीला तिथल्या पालिकेचा खर्च आणि उत्पन्न यांचा मेळ पूर्णपणे बिघडला. निराधार मुलांची आणि वृद्धांची काळजी घेण्याचा खर्च कायद्याने टाळता येत नाही आणि तो सतत वाढत गेला. शेवटी दोन वर्षांसाठी मिळून २२ कोटी पाउंडांची खास सवलत केंद्र सरकारकडून घ्यावी लागली. त्यात कर्ज काढायची आणि मालमत्ता विकून रोजचा खर्च भागवायची परवानगी होती.

अशा वेळी कात्री कुठे लागते? इंग्लंडमध्ये बागा ठेवणं हे पालिकेचं कायदेशीर बंधन नाही. म्हणून खर्चकपातीत पहिला नंबर बागेचा लागतो. माळी कमी होतात, शौचालयाला कुलूप लागतं. शेजारच्या वेल्समध्ये मात्र २०१० च्या कायद्याने प्रत्येक पालिकेला आपल्या भागात मुलांना खेळायची पुरेशी संधी आहे की नाही हे तपासावं लागतं आणि ती मिळवून द्यावी लागते. खेळ हा तिथे मुलाचा हक्क म्हणून कायद्याच्या कागदावर आला.

शहराचा मध्य सुधारतानाही लोकांनी बराच त्रास सोसला. २०२५ साठी ब्रॅडफर्डची 'ब्रिटनचं सांस्कृतिक शहर' म्हणून निवड झाली होती. त्याआधी मुख्यालयाभोवतालचे काही मोठे रस्ते वाहनांना बंद करून तिथे झाडं, बाकं आणि चालायच्या जागा करायचं काम निघालं. महिनोन् महिने खोदकाम चाललं. गिऱ्हाईक येत नाही म्हणून दुकानदार वैतागले. त्यातच २०२४ च्या जानेवारीत मुख्य बसस्थानकाच्या बांधकामात दोष आढळला आणि ते वर्षभर बंद राहिलं. तरी पादचाऱ्यांचे रस्ते झाले आणि २०२५ मध्ये डार्ली स्ट्रीटवर नवी मंडईही उघडली.

हवेबाबतही असंच घडलं. सप्टेंबर २०२२ पासून जुन्या, जास्त धूर सोडणाऱ्या मालमोटारी, बस आणि टॅक्सींना शहरात शिरताना पैसे भरावे लागतात. खासगी मोटारींना यातून सूट आहे. ब्रॅडफर्डचे बरेच टॅक्सीचालक मुसलमान आहेत. नियम सरळ लादला असता तर शेकडो घरांच्या रोजीवर गदा आली असती. म्हणून गाडी बदलण्यासाठी पालिकेने अनुदान दिलं. मुलांच्या फुफ्फुसांचा विचार करताना बापाच्या कमाईचाही विचार केला, म्हणून ते निभावलं.

या शहराच्या पालिकेत मुसलमान नगरसेवक मोठ्या संख्येने आहेत. मीरपूरहून आलेले मोहम्मद अजीब १९८५ मध्ये इथले लॉर्ड मेयर झाले, तेव्हा ब्रिटनमध्ये त्या पदावर बसलेले ते पहिले आशियाई होते. बागेच्या आराखड्यावर आपल्या वस्तीतला माणूस सही करतो, तेव्हा गाऱ्हाणं मांडण्याची आणि ऐकण्याची रीत बदलते.

आपण काय करू शकतो?

आपल्याकडे कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांची कामं दिली आहेत. त्यात उद्यानं आणि क्रीडांगणं ही स्पष्टपणे लिहिलेली आहेत. मात्र महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या कायद्यात बागा आणि मैदानं ही ऐच्छिक कामांच्या यादीत येतात. म्हणजे इंग्लंडसारखीच गत. लोकांनी मागितलं नाही तर मिळत नाही.

दुसरी गोष्ट विकास आराखड्याची. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार शहराच्या आराखड्यात बाग, मैदान, शाळा यांसाठी जमिनी राखून ठेवतात. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत ती जमीन ताब्यात घेतली गेली नाही तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपुष्टात येतं. तिथे मग इमारत उभी राहते. आपल्या मोहल्ल्यातलं मैदान कोणी चोरून नेलं असं आपण म्हणतो. पुष्कळदा ते असं मुदत संपून गेलेलं असतं, कारण कोणी विचारायला गेलंच नाही.

म्हणून काही कामं आपल्या हातात आहेत, ती आम्ही वाचकांपुढे ठेवतो.

पहिलं काम, पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन आपल्या प्रभागाचा आराखडा पाहा. बाग किंवा मैदानासाठी कोणत्या जागा राखीव आहेत आणि त्यांची आजची स्थिती काय, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. अर्जाचं शुल्क दहा रुपये आहे.

दुसरं, नवा आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती आणि सूचना मागवतात. त्याची मुदत असते. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलामुलींनी यावर नजर ठेवावी आणि मुदतीत सह्यांचं निवेदन द्यावं. त्यात बायकांच्या सह्या जास्तीत जास्त असाव्यात, कारण बाग वापरणार त्याच.

तिसरं, नवीन जागा मिळेपर्यंत असलेल्या जागांचा उपयोग करू. उर्दू शाळेचं पटांगण संध्याकाळी दोन तास उघडं ठेवता येईल का? मदरशाच्या अंगणात असरनंतर अर्धा तास मुलांना पळू देता येईल का? मुलींसाठी आठवड्यातले दोन दिवस ठरवता येतील का? शाळेचे विश्वस्त आणि मदरशाचे जिम्मेदार आपल्यातलेच आहेत. हा प्रश्न त्यांना विचारायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

चौथं, मिळालेली बाग सांभाळणं. खाऊचे कागद, गुटख्याच्या पिचकाऱ्या, झोपाळ्यावर बसून तो तोडणारे थोराड तरुण, हे पालिकेने केलेलं नाही. तुटलेली वस्तू दिसली की तिचा फोटो आणि तारखेसह तक्रार द्या, पावती घ्या, आणि आठ दिवसांनी पुन्हा विचारा. ब्रॅडफर्डच्या आयांनी जी साक्ष दिली ती विसरू नका. बाग किती मोठी आहे यापेक्षा ती कशी राखली आहे, यावर मूल तिथे जाणार की नाही हे ठरतं.

पालिकेच्या निवडणुका येतात तेव्हा उमेदवार आपल्या दारात उभा असतो. गटार आणि नळ यांच्याबद्दल आपण त्याला विचारतोच. यापुढे आणखी एक प्रश्न त्यात घालू या. प्रभागात मैदानासाठी राखीव असलेली जागा कुठे आहे, आणि तिथे मुलं कधी खेळणार? उत्तरात जागेचा सर्व्हे नंबर आणि काम पूर्ण होण्याची तारीख द्यायला सांगा. या दोन गोष्टी तो देऊ शकला नाही, तर त्याला मत देण्यापूर्वी घरातल्या मुलीचा एकदा विचार करा.